पहिल्या आठवड्यातला लुबान

आमच्या दुकानात सगळ्यात जास्त खोटं बोललं जातं ते लुबानबद्दल.

काचेवर फिल्म चढवून गाडी ताब्यात देताना मी प्रत्येकाला तेच सांगते. पहिला आठवडा काचा खाली करायच्या नाहीत, आतून पुसायच्या नाहीत आणि गाडीत लुबानचा धूप जाळायचा नाही. फिल्मखालचा गोंद अजून ओला असतो. काच धुरकट दिसली, पाण्याचे बारीक फुगे दिसले तर घाबरू नका, ते उन्हाने आपोआप वाळतील. समोरचा माणूस जोरजोरात मान डोलावतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आधी दारात हजर. "फुगे आलेत!" अरे बाबा, काल मी काय भिंतीशी बोलत होते?

पण फुग्यांचं सोडा, ते निदान निरागस असतात. लुबानचं तसं नाही. निझवात नवी गाडी घेतली की लुबान, जुनी विकत घेतली की लुबान, लग्नाला निघताना लुबान आणि मयतीहून परतल्यावरही लुबान. आता तर गाडीत सिगारेट पेटवायच्या जागी खोचायची विजेची छोटी धुपाटणी बाजारात मिळते. काचा बंद करून धूर कोंडायचा, कपड्यांत मुरू द्यायचा आणि डोळे चुरचुरायला लागले की काच चार बोटं खाली करायची. म्हणजे ज्या दोन गोष्टींना मी नाही म्हटलं, त्या दोन्ही एकाच वेळी. लुबानचा धूर तेलकट असतो. ओल्या गोंदात शिरला की फिल्म कडेने सुटायला लागते. मग गॅरंटीचं कार्ड नाचवत येतात.

"लुबान जाळला होता?"

"छे! आम्ही? देवाशपथ नाही!"

आणि गाडीचं दार उघडावं तर आत मशिदीपेक्षा जास्त दरवळ.

दुकान आमच्या वडिलांचं. निझवाच्या सनाइयात, म्हणजे गॅरेजं आणि पत्र्याच्या शेड असलेल्या भागात, त्यांनी ते थाटलं. ते गेल्यावर माझा धाकटा भाऊ मुहन्ना मालक झाला आणि गॅरंटीचं टेबल माझ्याकडे आलं, कारण घरात भांडायला कायम तयार असलेली मीच. वडिलांची एक रीत मात्र मुहन्नाने तशीच ठेवली होती. ग्राहक एक म्हणतो आणि काच दुसरंच सांगते, अशी वेळ आली की वाद घालायचा नाही. कपाटातून कुराण काढायचं आणि म्हणायचं, शपथ घ्या. घेतली तर फिल्म फुकट बदलून द्यायची. नाही घेतली तर गॅरंटी नाही.

मला ही रीत कधी पटली नाही. एका हाताने फोन कानाला धरून दुसऱ्या हाताने शपथ घेणारे महाभाग मी पाहिले आहेत. काचेवरच्या प्लास्टिकसाठी देवाला साक्षीला बोलवायचं, तेही इतक्या सहज? मी कुरकुर केली की मुहन्ना म्हणायचा, "खोटं बोलला तर त्याचं तो बघेल. आपण सुटलो ना?" आपण नेमके कसे सुटलो, ते मला कधीच कळलं नाही.

खल्फानकाका आमच्याकडे पहिल्यांदा आले ते वसंत संपता संपता. मनहजवळच्या एका खेड्यातले. उंच, काटकुळे, डोक्यावरचा मसर नीट गुंडाळलेला, हातात छडी. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी आपली अडचण सांगितली.

"मुली, मला रात्रीचं दिसत नाही, म्हणून मी दिवसा गाडी चालवतो. माझ्या बायकोला ऊन चालत नाही, म्हणून ती रात्रीच घराबाहेर पडते. आता तूच सांग, आम्ही दोघांनी मिळून कुठे जायचं कधी?"

मी हसले, मग लक्षात आलं की ते विनोद करत नव्हते. त्यांच्या बायकोला, रय्यामावशीला, रक्तातला एक आजार होता. अंगावर ऊन पडलं की चट्टे उठायचे, बोटं सुजायची, ताप भरायचा. काचेतून येणारं ऊनही तेवढंच वाईट. सहा वर्षं ती दिवसाउजेडी कुठे गेली नव्हती. मुलगी समुद्रकाठी सोहारला दिलेली, तीन तासांचा रस्ता. मुलगीच इकडे यायची. आता तिला दिवस गेले होते, त्यामुळे तेही बंद.

काकांना वाटत होतं, काचा काळ्या कुट्ट करायच्या. मी सांगितलं, तसं करायला कायदा आड येईल आणि त्याने कामही होणार नाही. काळेपणा उजेड अडवतो. भाजणारं जे असतं ते वेगळंच, डोळ्यांना न दिसणारं, आणि ते अडवायला चांगली बिनरंगी फिल्म पुरते.

"म्हणजे काचेवर काही दिसणारच नाही?"

"नाही."

"मग ती लावली आहे हे मला कळणार कसं?"

"माझ्या शब्दावर, काका."

ते खुदकन हसले. "हे मला पटतं," म्हणाले. मग कळलं ते असं, की गावच्या फलजच्या, म्हणजे पाटाच्या, पाण्याची पाळी सांगणारा माणूस म्हणून त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं. कोणाच्या बागेला पाणी कधी वळवायचं आणि कधी तोडायचं, हे दिवसा काठीच्या सावलीवरून आणि रात्री चांदण्यांवरून ते ठरवायचे. पाण्यासाठी माणसं डोकी फोडतात, पण त्यांनी 'तुझी वेळ संपली' म्हटलं की माणूस मुकाट्याने फावडं उचलायचा. आता चांदण्या दिसत नव्हत्या, म्हणून काम पुतण्याकडे गेलं होतं.

गाडी नेताना त्यांनी कार्ड माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, चष्मा घरी राहिला, वाचून दाखव. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. फिल्म सुटली, फुगली, पिवळी पडली तर गॅरंटी आमची. अंगठीचा ओरखडा, पोरांची नखं, अमोनियाचा फवारा, पहिल्या आठवड्यात उघडलेली काच आणि जाळलेला लुबान, हे तुमचं. गाडी विकली तर गॅरंटी संपली. त्यांनी सगळं ऐकलं, एकदाच मान हलवली. अशी मान हलवणारा ग्राहक मला वर्षाकाठी एखादाच भेटतो. हा माणूस ऐकणार, असं मी मनात म्हटलं.

म्हणूनच मला नंतर एवढा राग आला.

खजुराचे घड पिवळे व्हायला लागले तेव्हा एक दिवस ऐन दुपारी त्यांची गाडी आवारात शिरली. शेडमध्ये दोन्ही जागा भरलेल्या, त्यामुळे गाडी उन्हातच उभी करावी लागली. इंजीन चालू, एसी चालू, आणि शेजारच्या सीटवर काळ्या अबायात, हातमोजे घालून रय्यामावशी. पुढच्या दोन्ही काचांवरची फिल्म वरून सुटून गुंडाळायला लागली होती. काकांच्या बाजूला बरोबर आरशासमोर लाटा उठलेल्या, त्यांना मागचं वाहन धड दिसत नव्हतं. मावशीच्या बाजूला वरच्या फटीतून उन्हाची एक पट्टी थेट तिच्या खांद्यावर.

"गुरुवारी सोहारला जायचंय," काका म्हणाले. "नात झाली. चाळिसावा दिवस आहे. आज करून दे, मुली."

मी सुटलेली कड नखाने उचलली आणि वास घेतला. लुबान! फिल्मच्या वर बसलेला धूर पुसला जातो, तो कधीचाही असू शकतो. हा खाली होता, गोंदात मुरलेला. म्हणजे पहिल्या दोन-चार दिवसांतलाच.

त्यांना ऑफिसात बसवून मी विचारलं, "काका, पहिल्या आठवड्यात लुबान जाळला होतात?"

"नाही."

"आठवून सांगा."

"आठवायचं काय त्यात? नाही जाळला."

"मग घरात दुसऱ्या कोणी?"

"माझ्या घरात दोन माणसं. किल्ली माझ्या खिशात. माझ्या घरात असं झालेलं नाही."

"काका, मी आत्ता वास घेऊन आले. फिल्मच्या खाली लुबान आहे."

"तुझं नाक काय म्हणतं ते मला माहीत नाही. मी जाळला नाही."

माझा तोल गेला. तावातावाने म्हटलं, "सगळे असंच म्हणतात. निदान तुमच्याकडून माझी ही अपेक्षा नव्हती. गावाला पाण्याचे न्याय देत होतात म्हणे!"

त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी छडीवरची मूठ आवळली. आवाज ऐकून मुहन्ना आत आला आणि त्याने नेहमीचं समजुतीचं हसू चेहऱ्यावर आणून वडिलांची रीत सांगितली. शपथ घ्या काका, विषय संपला, आजच काम करून देतो.

काका त्याच्याकडे वळले.

"माझ्या एका शब्दावर लोकांनी पिकं वाळू दिली," ते म्हणाले. "त्यातल्या एकानेही मला कधी शपथ घ्यायला लावली नाही. आणि तू काचेसाठी घालतोस."

"आमची पद्धत आहे, काका. राग मानू नका."

"राग नाही. मला गुरुवारी जायचंय." ते उठले. "वजू कुठे करू?"

मुहन्ना गडबडला. आमच्याकडे शपथ घेणारे हात धुवायचीही तसदी घेत नाहीत. त्याने मागच्या नळाकडे बोट दाखवलं. काकांनी मसर काढून खुर्चीवर ठेवला, बाह्या दुमडल्या आणि छडी टेकत मागे गेले. मला तेव्हाच कसंसं झालं होतं, पण राग अजून उतरला नव्हता. तक्रारीसाठी काचेचे फोटो लागतात, ते काढायच्या निमित्ताने मी बाहेर पडले.

आतून फोटो घ्यायला मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. मावशी माणसांना भुकेली होती. मी दार लावायच्या आत तिने हातमोजे काढून फोन हातात घेतला आणि नातीचे फोटो सरकवायला सुरुवात केली.

"ही बघ. ही झोपलेली. आणि ही पण झोपलेलीच आहे, पण इथे ओठ बघ कसे मुडपलेत. अगदी माझे! नाव पण माझंच ठेवलंय, रय्या. मी म्हटलं, कशाला गं माझ्यासारखीचं नाव, पोर अंधारात बसेल. तर माझी लेक म्हणते, आई, तूच ये आणि तिला उजेडात घेऊन बस."

"जाल तुम्ही," मी म्हटलं. "काळजी करू नका मावशी. काका शपथ घेतायत, ती झाली की लगेच काम सुरू."

"शपथ? कसली शपथ?"

"गाडीत लुबान जाळला नाही म्हणून. आमच्याकडे तशी पद्धत आहे."

फोन तिच्या मांडीवर पडला. तिच्याकडे पाहताच मला सगळं कळलं, आणि माझ्या जिभेला काहीतरी व्हावं असं वाटलं.

"कुठे आहेत ते?"

"वजू करतायत."

तिचा हात दाराच्या मुठीवर गेला.

"मावशी, ऊन आहे! थांबा, मी त्यांना बोलावून आणते."

"तू जाशील तोवर ते बोलून बसतील. त्यांच्या तोंडून खोटी शपथ कधी गेली नाही. माझ्या पायी जाऊ देऊ?"

आणि तिने दार उघडलं.

आमचं आवार म्हणजे पांढरं काँक्रीट. दुपारी तिथे उघड्या डोळ्यांनी बघवत नाही. मावशीचे गुडघे दुखरे, ती घाईने चालली तरी हळूहळूच चालली. हातमोजे सीटवर राहिलेले. एका हाताने चेहऱ्यावरची ओढणी धरायला जायची तर वाट दिसेना, सोडली तर चेहरा उघडा. तिने ती सोडून दिली. मी माझ्या हातातली फाईल तिच्या डोक्यावर धरून बाजूने धावत होते, पण खालचं काँक्रीट तळपत होतं, त्याला कोण झाकणार? त्या पंचवीस-तीस पावलांत मी किती वेळा "मावशी, परत चला" म्हटलं, तिने एकदाही मान वळवली नाही.

आत काकांची दाढी ओली होती. मुहन्नाने कुराण टेबलावर ठेवलेलं आणि काकांनी हात पुढे केलेला.

"हात मागे घ्या!" मावशी दारातूनच ओरडली.

काका वळले. आधी त्यांना ती दिसली, मग तिच्या मागचं ऊन दिसलं. "तू बाहेर कशाला आलीस?" म्हणताना त्यांचा आवाज फाटला.

"मी जाळला. लुबान मी जाळला."

"काय बोलतेस?"

"फिल्म लावून आणलीत ना, त्याच दिवशी. तुम्ही जुहरच्या, दुपारच्या नमाजाला गेलात. किल्ली खुंटीवर होती, दुसऱ्या झग्याच्या खिशात. गाडी दाराशी छपराखालीच होती, मी तिच्यात निखारे नेऊन ठेवले. धूर फार झाला म्हणून काच जराशी खाली केली."

"पण जाळू नका म्हणून या मुलीने बजावलं होतं."

"तुम्हाला बजावलं होतं. मला कोणी सांगितलं?"

गाडीत लुबान जाळणं हे काकांचं कामच नव्हतं, त्यामुळे ते त्यांनी स्वतःपुरतं ऐकलं आणि पाळलं. आणि मी, एवढा तोंडाचा पट्टा चालवणारी, सगळे नियम पैसे देणाऱ्याला वाचून दाखवते. गाडीत बसणाऱ्या बाईकडे मी कधी गेलेच नव्हते.

"सहा वर्षांनी मी दिवसा बाहेर निघणार होते," मावशी म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "नवरीसारखी नवी गाडी झाली होती माझ्यासाठी. तिच्यात लुबान न जाळता बसू?"

"मी त्याच संध्याकाळी गाडीत बसलो होतो," काका हळूच म्हणाले, जणू पाण्याचा हिशेब पुन्हा मांडून बघत होते. "मग मला वास कसा नाही आला?"

मावशीने नजर खाली वळवली. मुहन्ना माझ्याकडे बघायला लागला.

"सांग ना," काका म्हणाले.

"तुम्हाला वास येत नाही," ती म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"त्या तापानंतर गेला तो. मला माहीत आहे. दर शुक्रवारी मी लुबान पेटवते आणि तुम्ही धूर बघून म्हणता, आज छान लागलाय. एकदा मी नुसते निखारे ठेवले होते आणि त्यावर ओल्या काटक्या. तरी तुम्ही म्हणालात, आज छान लागलाय."

बाहेर कोणीतरी टायर आपटत होतं. मला हसू आलं आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं, आणि दोन्ही लपवायला मी कपाटाकडे तोंड केलं. आयुष्यभर ज्याच्या शब्दावर गाव चाललं, तो माणूस बायकोला बरं वाटावं म्हणून दर शुक्रवारी खोटं बोलत होता.

"तुला वाईट वाटलं असतं," काका म्हणाले. "घरात तेवढीच तर तुझी हौस."

"आणि मी सांगितलं असतं गाडीत जाळला म्हणून, तर तुम्ही विचारलं असतंत, मला कसा वास आला नाही. आत्ता विचारलंत तसं. मग मी काय सांगणार होते?"

काका खुर्चीवर बसले. मग पुन्हा उठले, तिला बसवलं. खुर्चीवरचा मसर उचलून त्यांनी तिच्या उघड्या हातांवर पसरला. ऑफिसात पडदे होते, उन्हाचा एक किरणही नव्हता, पण त्यांनी तो नीट कडेने दाबून पसरला, पाळण्यातल्या मुलावर पांघरूण घालावं तसा. हात पिवळ्या दिव्याखाली आत्तापासूनच लाल दिसत होते, की मलाच तसे दिसत होते, कोण जाणे.

"लिही," ते मला म्हणाले. "लुबान जाळला होता. गॅरंटी लागू नाही."

"काका, राहू द्या," मुहन्ना म्हणाला. "आम्ही बदलून देतो."

"का? मी शपथ तर घेतलीच नाही."

"घेतली नाहीत म्हणूनच."

"हे काय नवीन? तुझ्या कार्डात तसं आहे का?" त्यांनी छडी जमिनीवर टेकवली. "नाही ना? मग उगाच दानधर्म करू नकोस. फिल्म लाव आणि घ्यायचे ते पैसे घे. फक्त या मुलीला सांग, ते कार्ड परत वाच. हिच्यासमोर वाच."

शेडमधली एक गाडी बाहेर काढून त्यांची आत घेतली. काम होईपर्यंत मी मावशीजवळ खुर्ची ओढून कार्ड वाचलं. इतके प्रश्न मला आजवर कोणी विचारले नव्हते. गुलाबपाण्याने पुसलं तर चालेल का? नातीने चाटलं तर? आठवडा म्हणजे शुक्रवार ते शुक्रवार की मोजून दिवस? आणि ही 'आयुष्यभराची गॅरंटी' लिहिली आहे, ती कोणाच्या आयुष्याची?

"गाडी तुमच्याकडे असेपर्यंतची, मावशी."

"असं होय. मला वाटलं आमच्या." ती खट्याळ हसली. "आणि आठवड्यानंतर लुबान?"

"आठवड्यानंतर खुशाल."

"यांना सांगू नकोस पण," ती म्हणाली, आणि मग आठवून स्वतःच थांबली. काका शेजारीच बसले होते. "सांग. सांगितलं तरी चालेल."

मला इथेच गोष्ट संपवायला आवडलं असतं. पण गुरुवारी ते सोहारला गेले नाहीत. मंगळवारीच तिला ताप भरला, दोन्ही गालांवर आणि हातांवर चट्टे उठले, बोटं इतकी सुजली की अंगठी कापून काढावी लागली. निझवाच्या हॉस्पिटलात ती दहा-बारा दिवस होती. चाळिसावा दिवस तिने फोनवर पाहिला. मी भेटायला गेले तेव्हा खिडकीला जाड चादर लावलेली आणि काका अंधारात छडी धरून बसलेले. मी म्हटलं, माझ्यामुळे झालं, मी बडबडले नसते तर तुम्ही गाडीतच बसला असतात. मावशी सुजलेल्या ओठांनी म्हणाली, "बडबडलीस म्हणून तर वेळेवर पोचले." तिला खरोखरच तसं वाटत होतं. तिच्या दृष्टीने ती त्या दिवशी काही हरली नव्हती. मला मात्र घरी जाताना रस्ताभर रडू येत राहिलं.

मुहन्नाने कुराण घरी नेलं. का, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. हल्ली ग्राहक खोटं बोलला तर आम्ही भांडतो, बस्स. आणि गाडी देताना मी बाहेर जाते, आत बायका, सासवा, जे कोणी बसलेले असतील त्यांच्या खिडकीशी उभी राहते आणि सगळं परत सांगते. पुरुषांना ते आवडत नाही.

खजुराचा हंगाम उलटून गेल्यावर एका दुपारी ती गाडी पुन्हा आली. सोहारहून परतीच्या वाटेवर होती. काचा तपासून घ्यायच्या होत्या, पण त्यांत तपासण्यासारखं काही नव्हतं, फिल्म काचेला एकजीव बसली होती. मावशीच्या गालांवर काळसर डाग राहिले आहेत, ते आता जाणार नाहीत म्हणे. मांडीवर नातीचं एक इवलंसं कुंची-टोपडं होतं, धुवायला म्हणून आणलेलं आणि न धुता जवळ ठेवणार असल्याचं तिने मला कानात सांगितलं.

दार उघडताच लुबानचा लोट बाहेर आला.

"बघ," काका मला म्हणाले, "आठवडा कधीच उलटलाय हं. तक्रार करू नकोस."

"मी कुठे केली?"

"आज कसला आहे गं?" त्यांनी बायकोला विचारलं. मला दाखवायला नाही, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मावशीने डोळे मिटले आणि श्वास घेतला. "हिरवा. जबलचा, डोंगरातला. सुरुवातीला लिंबाच्या सालीसारखा आहे, थोडा कडवट. आणि खाली..." ती थांबली. "थांबा, खाली काय आहे ते चालता चालता सांगते."

दार लागलं. बिनरंगी फिल्म, तिच्यातून सगळं स्पष्ट दिसतं. भर दुपार होती. फाटकातून वळताना गाडी क्षणभर माझ्यासमोर आडवी आली, तेव्हा मावशीचे ओठ हलत होते आणि काका, समोर रस्त्यावर नजर ठेवून, मान डोलावत ऐकत होते.